सव्वा महिन्याच्या आत बाळाला डोळ्यांच्या तपासणीला न्यावं का? (आरओपी, म्हणजे रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी: वेळेआधी जन्मलेल्या बाळांना होणारा डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, रेटिनाचा, आजार)

कडबोळी
नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या पलीकडे फारशी फिरकत नाही, पण आज अडले आहे.

धाकट्या बहिणीची प्रसूती सोलापुरात झाली, एकतिसाव्या आठवड्यात. मुलगा आहे, जन्मवजन १४०० ग्रॅम. आधी सीपॅप (श्वासाला मदत म्हणून नाकातून दाबाने हवा देणारं यंत्र), मग थोडे दिवस नाकातून ऑक्सिजन, मध्येच जंतुसंसर्ग झाला म्हणून अँटिबायोटिक्स. आता बाळ-बाळंतीण आमच्याकडे बार्शीला माहेरी आलेत. बाळ छान आहे, दूध ओढतंय.

डिस्चार्ज कार्डावर 'आरओपी तपासणी' असं लिहून तारीख दिली आहे. ती तारीख सव्वा महिन्याच्या आत येते. आई म्हणते, एवढंसं पोर, त्याला एसटीत घालून सोलापूरला नेणार? सव्वा महिना होऊ दे, मग बघू. बहिणीच्या सासूबाईंचंही तेच. विहीण-विहिणींचं एकमत झालेला हा पहिलाच विषय!

मला विचारायचंय ते असं. ऑक्सिजन थोडेच दिवस होता, म्हणजे धोका कमी धरायचा ना? हा आजार नेमका कुणाला होतो? आणि बाळ दिव्याकडे टक लावून बघतं, मग डोळे ठीकच असणार की?

भिंगरी
आमच्या जुळ्यांची केली होती. जा. आईला नंतर समजाव.

खवट_म्हातारा
आमच्या वेळी सातमाशी पोरं कापसात गुंडाळून, शेगडीच्या उबेला ठेवून वाढवली. एकाचेही डोळे गेले नाहीत. हल्ली जन्मल्या दिवसापासून तपासण्या. दवाखान्यांचे मीटर चालू राहायला हवेत ना.

विदा_द्या
@खवट_म्हातारा, काका, त्या वेळी १४०० ग्रॅमची किती बाळं जगायची, तेही सांगा. जी जगलीच नाहीत त्यांचे डोळे कोण मोजणार?

खवट_म्हातारा
मुद्दा मान्य. तरी मीटरचं म्हणणं कायम.

रातराणी
मी एका जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) सिस्टर आहे. रात्रपाळीला आहे, तुकड्या-तुकड्यांत लिहीन.

आमच्याकडे नातेवाईक काचेतून मॉनिटर बघतात. ऑक्सिजनचा आकडा १०० दिसला की खूश होतात, बाहेर जाऊन फोन करतात, "शंभर टक्के आहे बरं का!" बाळ साध्या हवेवर असेल तर १०० ला काहीच हरकत नाही. पण ऑक्सिजन चालू असताना १०० दिसलं की आमच्या पोटात गोळा येतो. कारण तो आकडा शंभराच्या वर जाऊच शकत नाही. रक्तात ऑक्सिजन पुरेसा आहे की भलताच जास्त, हे त्यावरून कळत नाही. म्हणून इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाला ऑक्सिजनवर साधारण ९० ते ९५ च्या मध्ये ठेवतात. अलार्मची वरची मर्यादाही लावतात. ती लावलेली असली की सारखी वाजते, आणि सारखी वाजते म्हणून कुणीतरी बंद करतं. हे खरं दुखणं आहे.

बाकी उद्या. एक बाळ रडतंय.

आंबोलीकर
गो बाय, तपासून घे. डोळे काय बाजारात गावनत नाय.

डॉ_भिंग
मी नेत्रतज्ज्ञ आहे, पडद्याचं काम करतो. कडबोळीताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सगळ्यांत फसवा आहे. बाळ दिव्याकडे बघतं, यावरून काहीही ठरत नाही. हा आजार पडद्याच्या कडेला सुरू होतो आणि मध्यभाग बऱ्याच उशिरापर्यंत शाबूत असतो. बाहेरून डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही, चिपडं येत नाहीत. बाहुली पांढरी दिसायला लागते तेव्हा पडदा पूर्ण सुटलेला असतो आणि आमच्या हाती फार थोडं उरलेलं असतं.

होतं काय, तर पोटात असताना साधारण सोळाव्या आठवड्यापासून पडद्यावर रक्तवाहिन्या पसरायला लागतात. मधल्या नसेपासून निघून त्या कडेकडे जातात. नाकाकडची बाजू आठव्या-नवव्या महिन्यात पुरी होते, कानाकडची अगदी दिवस भरेपर्यंत चालू असते. बाळ एकतिसाव्या आठवड्यात बाहेर आलं, म्हणजे काम अर्ध्यावर असतानाच आलं. बाहेर त्याला पोटातल्यापेक्षा जास्त ऑक्सिजन मिळतो, तेव्हा वाहिन्यांची वाढ थबकते. पुढे पडदा वाढतो, त्याची भूक वाढते, आणि रक्त न पोचलेला भाग व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडायला लागतो. त्या हाकेला जोर जास्त झाला की वाहिन्या वेड्यावाकड्या उगवतात, पडदा सोडून वर येतात, आणि शेवटी पडद्याला ओढतात.

हा दुसरा टप्पा जन्मानंतर काही आठवड्यांनी येतो. म्हणूनच बाळ घरी आलं, बाळसं धरू लागलं, सगळे निवांत झाले, की नेमका तेव्हाच आजार जोर धरतो. आपल्याकडचा सव्वा महिना बरोबर त्यावर येऊन बसतो.

कडबोळी
डॉक्टर, मनापासून धन्यवाद. पण मग ऑक्सिजन कमी दिवस होता, त्याचं काय?

डॉ_भिंग
कमी दिवस होता हे चांगलंच. पण सगळ्यांत मोठी दोन कारणं म्हणजे किती आठवड्यांचं बाळ आणि किती वजनाचं. ती जन्माच्या क्षणीच ठरतात. ऑक्सिजन त्यानंतर. आणि त्यातही तो किती दिवस होता यापेक्षा कसा होता हे महत्त्वाचं: हवेत मिसळून, मोजून दिला की सिलिंडरमधून सरळ, आकडा स्थिर होता की दिवसभर ८० वरून ९९ वर उड्या मारत होता. चढ-उतार फार वाईट. वारंवार श्वास थांबणाऱ्या बाळांना म्हणूनच धोका जास्त.

मग जंतुसंसर्ग, जो तुमच्या भाच्याला होऊन गेलाय. रक्त द्यावं लागणं हेही एक. मोठ्या माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन बाळाच्या स्वतःच्या हिमोग्लोबिनपेक्षा ऑक्सिजन सहज सोडतं. मेंदूतला रक्तस्राव, वाढलेली साखर. आणि ज्याकडे घरच्यांचं लक्ष जात नाही ते म्हणजे पहिल्या काही आठवड्यांत वजन न वाढणं. स्वीडनमध्ये तर दर आठवड्याच्या वजनावरून धोका ओळखण्याची पद्धत बसवली आहे. आईचं दूध धोका कमी करतं असं बऱ्याच अभ्यासांत दिसतं.

पण ही यादी घेऊन घरी बेरीज-वजाबाकी करत बसू नका. आपल्याकडचा नियम असा: ३४ आठवड्यांच्या आतलं किंवा २००० ग्रॅमच्या आतलं बाळ, दोन्हीपैकी एक जरी बसलं तरी तपासणी. बाकी काहीही कारण लागत नाही. बाकीची कारणं उपयोगी पडतात ती ३४ ते ३६ आठवड्यांच्या बाळांना तपासायचं की नाही हे ठरवायला, आणि पुन्हा किती लवकर बोलवायचं ते ठरवायला. तुमचा भाचा दोन्ही निकषांत बसतो. पहिली तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत. २८ आठवड्यांच्या आतली किंवा १२०० ग्रॅमच्या आतली बाळं तर दोन-तीन आठवड्यांतच बघायची.

खवट_म्हातारा
आता मीटरचं बोलत नाही.

टेक्सासचा_टोणगा
थांबा, थांबा. आमची मुलगी इथे ह्यूस्टनला ३२ आठवड्यांची, १७०० ग्रॅमची झाली. कुणी डोळे तपासले नाहीत. मी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, निकषात बसत नाही. इथे १५०० ग्रॅम किंवा ३० आठवडे अशी रेघ आहे. मग भारतात २००० का? उगाच घाबरवणं नाही ना? (ह. घ्या.)

विदा_द्या
मलाही हाच प्रश्न होता. शरीर तर तेच, मग रेघ वेगळी का?

डॉ_भिंग
अमेरिकेत ज्या वजनाच्या बाळांना गंभीर आरओपी जवळजवळ दिसत नाही, त्या वजनाची बाळं आपल्याकडे लेसरला येतात. मी स्वतः १७००-१८०० ग्रॅमवाल्यांना लेसर केलं आहे. शरीर तेच, पण ऑक्सिजन मिसळणारं यंत्र प्रत्येक ठिकाणी नाही, संसर्ग जास्त, एका सिस्टरमागे बाळं जास्त, वजन वाढायला वेळ. म्हणून तिथली रेघ इथे आणली तर बाळं सुटतात. तुमच्याकडेही १५०० ते २००० मधलं बाळ फार आजारी असेल तर तपासतातच. तुमची कन्या धडधाकट असणार, म्हणून सोडली.

टेक्सासचा_टोणगा
धडधाकट? ती आता आठ वर्षांची आहे आणि मला घोरताना लाथा मारते. पटलं.

इतिहासवेडा
थोडं अवांतर. हा आजार पहिल्यांदा नोंदवला गेला तो १९४२ मध्ये, बॉस्टनमध्ये. थिओडोर टेरी नावाच्या नेत्रतज्ज्ञाने. पुढची दहा-बारा वर्षं जगभर सुमारे दहा हजार मुलं आंधळी झाली असा अंदाज आहे, आणि कोडं असं की जिथे रुग्णालयं उत्तम, यंत्रं नवी, तिथेच आजार जास्त. व्हिटॅमिनपासून प्रकाशापर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनकडे बोट दाखवलं. महागड्या दवाखान्यात मुबलक ऑक्सिजन, तिथे आजार. साध्या दवाखान्यात कमी ऑक्सिजन, तिथे कमी. मग अमेरिकेत १८ रुग्णालयांनी मिळून केलेल्या अभ्यासात ते सिद्ध झालं.

लगेच सगळीकडे ऑक्सिजनला कात्री लागली. आंधळेपण घटलं, पण श्वासाअभावी मरणारी बाळं वाढली. गायक स्टीव्ही वंडर त्याच लाटेतला: १९५०, सहा आठवडे आधी जन्मलेला.

रातराणी
@इतिहासवेडा, ती कात्री अजून संपलेली नाही. २०१० च्या आसपास अमेरिकेत एका मोठ्या अभ्यासात ८५ ते ८९ आणि ९१ ते ९५ असे दोन गट करून बघितले. कमी ऑक्सिजनवाल्या गटात डोळ्यांचा गंभीर आजार कमी, पण मृत्यू जास्त. म्हणून आम्ही त्या ९०-९५ च्या पट्ट्यात दोरीवरून चालत असतो. घरच्यांनी "माझ्या बाळाचा ऑक्सिजन बंद करा, डोळे जातील" असा हट्ट धरू नये. असा हट्ट करणारे आजोबा मला भेटलेत. त्यांनी मोबाईलवर वाचलं होतं.

सातपुडा
वाचत होतो, लिहायचं नव्हतं. पण लिहितो.

माझी मुलगी तीस आठवड्यांची. आमच्या गावापासून मोठ्या दवाखान्यापर्यंत रुग्णवाहिकेत सिलिंडर सरळ नळीला जोडलेला, चार तासांचा रस्ता. तो दोष मी कुणाला देत नाही, ऑक्सिजन नसता तर ती पोचलीच नसती. पुढे महिनाभर दवाखान्यात होती, रक्त दोनदा दिलं. सुट्टी झाली तेव्हा कार्डावर शेवटच्या ओळीत इंग्रजीत 'डोळे तपासणी' एवढंच. तारीख नाही, कुठे ते नाही, कुणी तोंडाने सांगितलं नाही. मी बारावी आहे, बायको दहावी. आम्हाला वाटलं मोठी झाली की चष्म्यासाठी बघतात तसं असेल.

लसीच्या वेळी आशाताईने कार्ड वाचलं आणि हाताला धरून पाठवलं. डाव्या डोळ्यात पडदा सुटायला लागला होता. उजव्याला लेसर झालं आणि तो वाचला. डाव्याचं ऑपरेशन केलं, उजेड-अंधार कळतो. मुलगी आता शाळेत पहिल्या बाकावर बसते, जाड चष्मा आहे.

ताई, तुमच्या कार्डावर तारीख आहे. ती तारीख लिहिणाऱ्या माणसाला माझा नमस्कार सांगा.

भिंगरी
@सातपुडा, काय लिहू. मुलीला खूप आशीर्वाद.

काळा_कोट
कार्डावर न लिहिण्यावरून आठवलं. सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल आहे. १९९६ मध्ये चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात २९ व्या आठवड्यात जन्मलेली १२५० ग्रॅमची मुलगी. ऑक्सिजन दिला होता, पण घरी सोडताना आरओपीची तपासणी करा असं कुणी सांगितलं नाही. दोन्ही डोळे गेले. न्यायालयाने एक कोटी ऐंशी लाखांच्या घरात भरपाई दिली. तेव्हापासून निदान शहरांत तरी कार्डावर ही ओळ येते.

खवट_म्हातारा
म्हणजे कोर्टाच्या धाकाने लिहितात. आणि तारखेशिवाय लिहितात.

काळा_कोट
काका, ते मात्र शंभर टक्के खरं.

पांढरीकाठी
मी या आजाराने दृष्टी गेलेला माणूस. जन्म १९८९, सातमाशी, मुंबई. तेव्हा आईवडिलांना हा शब्दही कुणी सांगितला नव्हता. आता बँकेत नोकरी करतो, हा धागा स्क्रीन रीडरवर ऐकतोय. यंत्राचा आवाज @आंबोलीकर यांची मालवणी पुणेरी हेल काढून वाचतो. ऐकण्यासारखं आहे.

दोन गोष्टी सांगतो. आजारातून डोळे वाचलेल्या मुलांनाही पुढे मोठा चष्मा, तिरळेपणा, काचबिंदू लागू शकतो. पडदा मोठेपणीही सुटू शकतो. म्हणून एकदा 'ठीक आहे' म्हटलं की फाईल माळ्यावर टाकू नका. आणि व्यवस्थापकांना विनंती, लॉगिनला 'चित्रातले सिग्नल ओळखा' हे जे आहे, ते काढा. मी सिग्नल ओळखू शकत असतो तर बरंच काही केलं असतं.

आंबोलीकर
पुणेरी मालवणी?! ह्या ऐकाक व्हयाच.

विदा_द्या
कॅप्चाबद्दल जोरदार अनुमोदन. आवाजी पर्याय तरी द्या. वेगळा धागा काढतो.

मुहूर्तमणी
मला वाटतं खरं कारण टेस्ट ट्यूब, जुळी-तिळी आणि मुहूर्तावर केलेली सीझर. निसर्गात ढवळाढवळ केली की हे होणारच.

भिंगरी
माझी जुळी आयव्हीएफचीच. ढवळाढवळ आता सायकल चालवते. धाग्याचं काश्मीर करू नका.

डॉ_भिंग
जुळ्यांत आरओपी जास्त दिसतो तो मुख्यतः ती लवकर आणि कमी वजनाची जन्मतात म्हणून. मुहूर्ताची सीझर बहुतेक ३७-३८ आठवड्यांना होतात. त्यांचे तोटे आहेत, पण ते श्वासाचे, या आजाराचे नव्हेत. कुणाला दोष द्यायचा याने तपासणीची तारीख पुढे जात नाही.

गोडबोले_वहिनी
कावीळ झाल्यावर निळ्या दिव्याखाली ठेवतात, त्याने होतं का? आणि मोबाईलच्या फ्लॅशने? आमच्याकडे बारशाचे शेकडो फोटो काढलेत.

डॉ_भिंग
नाही. प्रकाश कमी करून आजार टळतो का हे अमेरिकेत मोठ्या अभ्यासात तपासलं, १९९८ मध्ये निकाल आला, काही फरक पडला नाही. निळ्या दिव्याखाली डोळे झाकतात ते वेगळ्या काळजीने. बारशाच्या फोटोंनी फक्त फोनची जागा भरते. काजळ मात्र घालू नका, त्याने संसर्ग होतो.

कडबोळी
रात्री आईला अख्खा धागा वाचून दाखवला. सातपुडादादांची पोस्ट ऐकून ती काही बोलली नाही. उठून बाळाच्या टोपऱ्या-लंगोट्यांची पिशवी भरायला लागली. सकाळी शेजाऱ्यांची गाडी ठरली आहे.

तपासणी कशी करतात? बहिणीला भीती वाटतेय की दुखेल.

रातराणी
खोटं सांगत नाही, बघायला बरं वाटत नाही. आधी बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, ते थोडे चुरचुरतात, मग तासभर थांबायचं. पापण्या उघड्या ठेवायला छोटी तार लावतात, सुन्न करणारा थेंब घालून. डॉक्टर डोक्यावर दिवा लावून भिंगातून बघतात, काही ठिकाणी कॅमेऱ्याने फोटो काढतात. बाळ रडतं. घट्ट गुंडाळलं, साखरेच्या पाण्याचे दोन थेंब जिभेवर ठेवले (ते सिस्टर ठेवतील, घरून काही देऊ नका) की बरंच सोसतं. तपासणीआधी तासभर दूध पाजू नका, उलटी होते. तपासून झालं की लगेच छातीशी घ्या आणि पाजा. आईला बाहेर थांबायचं असेल तर थांबू दे.

सरकारी आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) योजनेत जन्मापासूनच्या ज्या आजारांची तपासणी आहे त्यात आरओपीही आहे. ती योजना २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाली. उपचार लागले तर जिल्हा रुग्णालयात आधी विचारा, मग खासगीकडे वळा.

शंकासूर
उपचारात इंजेक्शन देतात म्हणे, ते कॅन्सरचं औषध आहे. एवढ्याशा डोळ्यात?

डॉ_भिंग
बेव्हॅसिझुमॅब हे आतड्याच्या कॅन्सरसाठी आलं, हे खरं. मी वर लिहिलं ते व्हीईजीएफ ते अडवतं. पडद्याच्या अगदी मधल्या भागातला, झपाट्याने वाढणारा आजार असेल तर इंजेक्शनचा फायदा मोठा. पण त्यानंतर आजार महिन्यांनी परत डोकं वर काढू शकतो, म्हणून नेटाने येत राहावं लागतं. लेसरने कडेचा पडदा जाळावा लागतो, चष्म्याचा नंबर वाढतो, पण बहुतेकदा एकदाच्या उपचाराने भागतं. लांब गावचं, पुन्हा येईल याची खात्री नसलेलं कुटुंब असेल तर मी शक्यतो लेसर निवडतो. माझे काही मित्र याच्या उलट करतात आणि आमचं यावरून वाजतं. काहीही ठरलं तरी दोन-तीन दिवसांत करायचं असतं, 'पुढच्या सोमवारी' नाही.

कडबोळी
जाऊन आलो. दोन्ही डोळ्यांत झोन दोन (पडद्याच्या अगदी मधल्या भागात नाही), स्टेज एक (पहिलीच पायरी), प्लस नाही (रक्तवाहिन्या फुगून वेड्यावाकड्या झालेल्या नाहीत). उपचार नको, दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय. डॉक्टर म्हणाले या पायरीवरचे बहुतेक आपोआप बरे होतात, पण होताना आम्हाला दिसलं पाहिजे. परत येताना बाळ गाडीत सगळा वेळ झोपलं. आईच जास्त दमली.

बहिणीच्या सासूबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "मग मला का नाही नेलं?"

खवट_म्हातारा
पुढच्या वेळी न्या. विहिणींचं एकमत टिकवा.

नवा_बाबा
धागा वर काढतोय. आमचं बाळ ३३ आठवड्यांचं पण वजन २१५० ग्रॅम, ऑक्सिजन एक दिवससुद्धा लागला नाही. दवाखान्यात तपासणीबद्दल काही बोलले नाहीत. वजन जास्त आहे तर सोडून दिलं तर चालेल का?

डॉ_भिंग
दोन्हीपैकी एक बसलं तरी पुरे, आणि ३३ बसतं. ऑक्सिजन न लागलेल्या बाळांतही क्वचित दिसतो. जन्म कधीचा?

नवा_बाबा
उद्या चोवीस दिवस पूर्ण होतील. आम्ही धाराशिवला आहोत.

डॉ_भिंग
मग याच आठवड्यात. उद्या जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत फोन करून आरओपी तपासायला डॉक्टर कोणत्या दिवशी येतात ते विचारा. तो दिवस लांब असेल तर सोलापूर गाठा. जाताना डिस्चार्ज कार्ड आणि आतापर्यंतच्या वजनांची नोंद बरोबर ठेवा.